जिबेल्लिनाची पांढरी

आपल्याकडे गावाच्या जमिनीला दोन नावं आहेत. पिकवायची ती काळी, राहायची ती पांढरी. भिंत पडते, तिच्याच मातीवर नवी उभी राहते, वर चुलीची राख पडते, पुन्हा भिंत पडते. अशा कितीतरी पिढ्या एकमेकींवर बसल्या की गावठाणाच्या मातीला तो फिका रंग येतो. गाव उठून गेलं तरी नांगर फिरताना पांढरी ओळखू येते. महसुली दप्तरात अशा उठलेल्या गावापुढे 'बेचिराख' असा शेरा असतो, म्हणजे जिथे आता दिवा लागत नाही ते गाव.

सिसिलीतल्या जिबेल्लिना या गावाचा अभ्यास करताना हे दोन्ही शब्द मला सारखे आठवत राहिले. इटलीच्या दक्षिणेला असलेल्या या बेटाच्या पश्चिम भागात, त्रापानी प्रांतात, एका टेकडीच्या उतारावर आठ हेक्टरांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ वीस एकर, पांढऱ्या सिमेंटचा थर पसरला आहे. दुरून तो उतारावर वाळत घातलेल्या धोतरासारखा दिसतो. जवळ गेलं की त्यातल्या भेगा दिसतात. एकेक भेग दोन-तीन मीटर रुंद, दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतील अशी. या थराच्या पोटात जुनं जिबेल्लिना आहे. हे काम आल्बेर्तो बुर्री या चित्रकाराचं. नवं जिबेल्लिना इथून अठरा-वीस किलोमीटरवर, आणि त्यात इटलीतल्या नामांकित वास्तुरचनाकारांच्या व शिल्पकारांच्या कामांची अक्षरशः रांग लागली आहे.

एकाच महापौराच्या कारकिर्दीत, एकाच गावासाठी, कलेकडून दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या गेल्या. नव्या जागेवर कलेनं गाव घडवावं ही पहिली. जुन्या जागेवर कलेनं गाव सांभाळावं ही दुसरी. पहिली मागणी अर्धीमुर्धीच पुरी झाली. दुसरी, माझ्या मते, झाली. हा फरक का पडला, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

पहाटे तीन वाजून एक मिनिट

१४ जानेवारी १९६८, रविवार. बेलिचे नदीच्या खोऱ्यात दुपारपासून धक्के बसत होते. घाबरून बरीच माणसं कडाक्याच्या थंडीत घराबाहेर पडली, शेतांत आणि मोकळ्या जागांवर त्यांनी रात्र काढली. १५ तारखेच्या पहाटे ३ वाजून १ मिनिटांनी मुख्य धक्का बसला. जिबेल्लिना, पोज्जोरेआले, सालापारूता आणि मोन्तेवागो ही चार गावं जमीनदोस्त झाली, आजूबाजूची कितीतरी मोडकळीला आली. मृतांचा आकडा दोनशेच्या वर ते चारशेपर्यंत वेगवेगळा दिला जातो. त्यातले शंभराच्या आसपास एकट्या जिबेल्लिनाचे. दुपारच्या धक्क्यांनी लोकांना बाहेर काढलं नसतं तर हा आकडा किती झाला असता, याचा विचारही करवत नाही.

गाव गरीब होतं. सहा हजारांच्या आसपास वस्ती, गहू आणि द्राक्षं ही पिकं. दगडाची घरं, पण दगड धरून ठेवणारा चुना-माती कच्चा. खाली खेचर, वर माणसं, अशी राहणी. नावही अरबी मुळाचं मानतात: 'जबल' म्हणजे डोंगर आणि 'झगीर' म्हणजे लहान, लहानशी टेकडी. सिसिलीवर अरबांची सत्ता होती त्या काळाचा हा अवशेष.

सरकारनं काय केलं? भूकंपग्रस्तांना पासपोर्ट झटपट दिले आणि गाव सोडून जाणाऱ्यांना रेल्वेचं एकेरी तिकीट फुकट. जा, उत्तरेला जा, परदेशात जा. हा तपशील मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पान मिटून थोडा वेळ बसून राहिलो. मदतीच्या नावाखाली गाव रिकामं करायची याहून सोपी पद्धत नसेल. जे गेले नाहीत ते बराकींत राहिले, आणि ते राहणं दहा वर्षांच्याही पुढे गेलं. मार्च १९७० मध्ये पार्तिनिको गावातून दानिलो दोल्ची यांनी बेकायदा नभोवाणी केंद्र सुरू करून बेलिचेच्या लोकांची हाक जगाला ऐकवली. एक दिवस उलटतो न उलटतो तोच पोलिसांनी ते बंद पाडलं. उपोषणं आणि सत्याग्रह यांमुळे दोल्चींना 'सिसिलीचे गांधी' म्हणत, आणि हे नाव त्यांना उगाच मिळालेलं नव्हतं.

कोर्राओ

लुदोविको कोर्राओ हा माणूस समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच उलगडत नाही. जन्म १९२७ चा, शेजारच्या आल्कामो गावचा. पेशानं वकील, राजकारणात डावीकडे झुकलेला, पुढे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा सदस्य. भूकंपाच्या दोनच वर्षं आधी त्यानं फ्रांका व्हिओला या तरुणीची बाजू न्यायालयात मांडली होती. तिचं अपहरण आणि बलात्कार करणाऱ्याशी तिनं लग्न करावं, म्हणजे गुन्हा मिटतो, असं तेव्हाचा इटालियन कायदा म्हणत होता. गावची रीतही तेच म्हणत होती. तिनं नाही म्हटलं. ते कलम रद्द व्हायला १९८१ साल उजाडलं, पण सिसिलीतल्या रूढीला पहिला तडा त्या खटल्यानं गेला. म्हणजे गावाच्या विरोधात जाऊन गावाचं भलं करायची सवय या माणसाला आधीपासून होती. हे त्याचं बळ होतं, आणि जिबेल्लिनात तोच त्याचा दोषही ठरला असं मला वाटतं.

१९६९ मध्ये तो जिबेल्लिनाचा महापौर झाला आणि पुढची चोवीस-पंचवीस वर्षं या ना त्या रूपात गावाची सूत्रं त्याच्याच हाती राहिली. भूकंपाच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, जानेवारी १९७० मध्ये, त्यानं लेखक, चित्रकार, विचारवंतांना बराकींतल्या लोकांसोबत ती रात्र काढायला बोलावलं. लेखक लेओनार्दो शाशा आणि चित्रकार रेनातो गुत्तूझो हे दोघेही सिसिलीचे सुपुत्र त्या हाकेमागे उभे होते. मशाली घेऊन निघालेल्या माणसांचं चित्र गुत्तूझोनं रंगवलं, 'जिबेल्लिनाची रात्र'. माझ्या लेखी कलेचा जिबेल्लिनात प्रवेश झाला तो या रात्री, आणि तो योग्य दारानं झाला. अजून काही बांधायचं नव्हतं. आधी सोबत करायची होती.

काळीपासून तोडलेलं गाव

नवं गाव कुठे वसवायचं याचा निर्णय मात्र रोमहून आला. जागा ठरली सालेमी या गावाच्या हद्दीत, सपाटीवर, रेल्वे स्थानकाजवळ आणि होऊ घातलेल्या द्रुतगती मार्गालगत. रस्ता आला की कारखाने येतील, कारखाने आले की रोजगार येईल, असा हिशेब होता. रस्ता आला. कारखाने आले नाहीत. शेतं मात्र जिथे होती तिथेच, जुन्या टेकडीभोवती राहिली. काळी एकीकडे आणि पांढरी दुसरीकडे, मधे वीस किलोमीटर. ज्या माणसाकडे खेचर होतं, त्याच्यासाठी हे अंतर म्हणजे शेती सुटणं.

आराखडा सार्वजनिक घरबांधणीच्या सरकारी संस्थेनं केला. इंग्लंडमधल्या उद्याननगरांची कल्पना त्यामागे होती. वरून पाहिलं तर पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा नकाशा. दुमजली घरांच्या लांबच लांब ओळी, घरापुढे छोटी बाग, एका बाजूनं मोटारींचा रस्ता आणि दुसऱ्या बाजूनं पायवाट. कागदावर हे फार सुंदर दिसतं. पण सिसिलीतलं उन्हाळ्यातलं ऊन डोळ्यांसमोर आणा आणि मग तेच रस्ते पाहा: रुंद, सावली नसलेले, एका टोकाहून दुसरं टोक दिसेल इतके सरळ. जुन्या गावात गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या घरांची सावली एकमेकांना मिळायची आणि उंबऱ्यावर बसलेली बाई पलीकडच्या उंबऱ्याशी बोलू शकायची. नव्या गावात शेजारीण समोर असते, पण मधे रस्ता असतो आणि हाक मारावी लागते. मोटार नसलेल्या माणसांसाठी मोटारीच्या मापानं बांधलेलं गाव ते.

याच ठिकाणी आपल्याला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्याच रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक झोपेतच, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवली. तिथेही आखीव चौकोन, तिथेही रुंद रस्ते, तिथेही भाऊकीच्या गल्लीऐवजी क्रमांकाचा प्लॉट. घरं भक्कम झाली, यात शंका नाही, आणि ज्यांनी ती उभी केली त्यांचे उपकारच आहेत. पण गल्ली म्हणजे घरांमधली उरलेली जागा, असं समजून आराखडा केला की काय हरवतं, हे बेलिचेला पंचवीस वर्षं आधी कळलं होतं. तो धडा आपल्यापर्यंत पोहोचला नाही, याची मला खंत आहे.

तारा, गोल आणि पाच चौक

कोर्राओला हा आराखडा मनापासून पटला नव्हता. पण तो आता बदलता येणार नव्हता. मग त्यानं ठरवलं, की या कोऱ्या गावात कला ओतायची, इतकी की सरकारी वसाहतीचं गाव होईल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्यांनी सगळं गमावलं त्यांना नुसतं छप्पर दिलं तर ते आश्रित राहतात. त्यांना सुंदर वस्तूंवर हक्क दिला तर ते नागरिक होतात. या म्हणण्यातली तळमळ मला आजही खरी वाटते.

हाकेला ओ मिळाली. पिएत्रो कोन्साग्रा हा शेजारच्या माझारा देल वाल्लोचा शिल्पकार. त्यानं गावच्या प्रवेशापाशी रस्त्यावर पंचवीस मीटरच्या आसपास उंचीचा स्टीलचा तारा उभा केला (१९८१). त्याखालून गेल्याशिवाय गावात शिरता येत नाही. कोन्साग्राचा जीव या गावात इतका गुंतला की २००५ मध्ये तो गेला तेव्हा त्याचं दफनही इथेच झालं. ज्युसेप्पे सामोना आणि व्हित्तोरिओ ग्रेगोत्ती यांनी नगरपालिकेच्या इमारतीवर काम केलं. आलेस्सांद्रो मेंदिनीनं मनोरा दिला. फ्रांको पुरीनी आणि लाउरा थेर्मेस यांनी एकापुढे एक अशा पाच चौकांची मालिका आखली. लुदोविको क्वारोनीनं मुख्य चर्चचा आराखडा केला: वसाहतीच्या वरच्या अंगाला, चौकोनी इमारतीतून अर्धवट बाहेर आलेला भलामोठा पांढरा गोल.

यातल्या बऱ्याच गोष्टींना माणसं मिळाली नाहीत. पाच चौक हजारोंच्या गर्दीसाठी आखलेले, आणि गावात आज चार हजारांहूनही कमी लोक. चौक भव्य आहेत, पण चौकात यायला कारण लागतं: बाजार, पाणवठा, पारावरच्या गप्पा. ती कारणं आराखड्यातून येत नाहीत. क्वारोनीच्या चर्चचं छप्पर १९९४ मध्ये कोसळलं, आणि ते वापरात यायला २०१० साल उजाडलं. कोन्साग्रानं आखलेलं नाट्यगृह तर कित्येक दशकं सांगाडा म्हणूनच उभं राहिलं. कलाकृती उभी करायला पैसे मिळतात, तिची देखभाल करायला मिळत नाहीत. जिबेल्लिनात हे ठायी ठायी दिसतं. बराकींत माणसं असताना शिल्पांवर खर्च कशाला, हा प्रश्नही वर्षानुवर्षं विचारला गेला, आणि तो विचारणाऱ्यांना मी अरसिक म्हणणार नाही.

पण सगळं वाया गेलं असं म्हणणं मोठा अन्याय होईल. दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात.

एक, फ्रांचेस्को वेनेत्सिया यांनी १९८० च्या दशकात बांधलेला पालाझ्झो दी लोरेन्झो. जुन्या जिबेल्लिनातल्या एका वाड्याच्या दर्शनी भिंतीचे दगड ढिगाऱ्यातून काढले, इथे आणले, आणि नव्या इमारतीच्या आतल्या चौकात ती भिंत पुन्हा रचली. वर छप्पर नाही. जी भिंत पूर्वी रस्त्याकडे तोंड करून उभी होती ती आता आत वळली आहे, आणि आपण चौकात उभे राहिलो की एकेकाळच्या रस्त्यात उभे असतो. नव्या गावातलं हे एकच घर असं आहे, ज्याच्या पायात जुनी पांढरी आहे.

दुसरी गोष्ट 'प्रिझेन्ती'. संत रोक्कोच्या उत्सवात मिरवायची मोठी वस्त्रं. त्यांची रेखाटनं नामवंत चित्रकारांनी केली, कार्ला आक्कार्दीनं, कोन्साग्रानं. आणि त्यावर भरतकाम केलं गावातल्या बायकांनी. इथे चित्रकार गावाला काही देऊन निघून गेला असं होत नाही. रेघ त्याची आणि टाका हिचा. उत्सव आधीपासूनचा, देव आधीपासूनचा, शिवायची कला आधीपासूनची. म्हणून ती वस्त्रं लोकांची झाली. स्टीलचा तारा गावाची ओळख झाला, पण तारा आपला म्हणायला लोकांना वेळ लागला.

डॉक्टर बुर्री

आता मूळ विषयाकडे येतो, आणि इथे थोडं रेंगाळणार आहे.

आल्बेर्तो बुर्री १९१५ मध्ये उंब्रियातल्या चित्ता दी कास्तेल्लो या गावी जन्मला. शिकला वैद्यक. सैन्यात डॉक्टर म्हणून गेला, १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला गेला आणि अमेरिकेत टेक्सासमधल्या हेरफर्ड इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत पोहोचला. तिथे त्यानं चित्रं काढायला सुरुवात केली. १९४६ मध्ये परत आला तेव्हा डॉक्टरकी सोडलेली होती. रंगाऐवजी त्यानं वस्तूच घेतल्या. जुन्या गोणपाटाचे तुकडे एकमेकांना टाके घालून जोडले, लाकूड जाळलं, प्लास्टिकचा पापुद्रा ज्योतीनं वितळवून त्याला भोकं पाडली. गोणपाट म्हणजे बँडेज आणि टाके म्हणजे शस्त्रक्रिया, असा सोपा अर्थ लोक लावत. बुर्रीला असे अर्थ आवडत नसत. आपल्या कामाबद्दल तो फार कमी बोलायचा. त्याच्या त्या अबोलपणाचा मान राखून मीही तो मोह टाळतो.

१९७० च्या दशकात त्यानं 'क्रेत्तो' मालिका केली. क्रेत्तो म्हणजे तडा, भेग. चिनी माती, रंगद्रव्य आणि पांढरा गोंद यांचा लगदा फळीवर जाड थापायचा आणि वाळू द्यायचा. पाणी उडतं, थर आक्रसतो, भेगा पडतात. मे महिन्यात आटलेल्या तळ्याचा तळ ज्यानं पाहिला आहे, त्याला वेगळं सांगायला नको. थर जाड तिथे भेग रुंद, पातळ तिथे बारीक. एवढं चित्रकाराच्या हातात, बाकी मातीच्या. भेगा हव्या तितक्या पडल्या की वरून गोंदाचा हात देऊन त्या तिथेच थांबवायच्या.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोर्राओनं त्याला जिबेल्लिनाला बोलावलं. बुर्रीनं नवं गाव पाहिलं. तिथे शिल्पं होती, इमारती होत्या, जवळजवळ प्रत्येकानं काहीतरी दिलं होतं. इथे मी काही करणार नाही, असं त्यानं सांगितलं, आणि जुनं गाव कुठे आहे ते दाखवा म्हणाला. वीस किलोमीटर गाडीनं गेल्यावर ढिगारे दिसले. त्यानं नंतर सांगितल्याप्रमाणे त्याला रडू यायच्या बेतात होतं, आणि कल्पना तिथेच, त्याच क्षणी सुचली: सगळ्यांनाच अडचण झालेला हा राडारोडा एकत्र दाबायचा, लोखंडानं नीट बांधायचा, आणि त्यावर पांढऱ्या सिमेंटचा विशाल क्रेत्तो करायचा, म्हणजे या घटनेची आठवण कायम राहील.

या एका नकारात मला त्या माणसाचं मोठेपण दिसतं. कलाकाराला बोलावलं, मानानं बोलावलं, मोकळी जागा दाखवली. त्यावर तो म्हणतो, इथे माझी गरज नाही. गरज जिथे होती तिथे कुणी त्याला नेलंच नव्हतं. त्यानं विचारलं म्हणून नेलं.

काम १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं. पडलेल्या भिंती, तुळया, कौलं, घरातल्या वस्तू, सगळं यंत्रांनी गोळा करून ठोकळ्यांत दाबलं. ठोकळ्यांच्या बाजू दहा-वीस मीटर लांब, उंची साधारण १.६० मीटर. त्यांच्या मधल्या वाटा ढोबळमानानं जुन्या रस्त्यांच्या रेषेत. तंतोतंत नाहीत, काही गल्ल्या जुळतात, काही बुर्रीच्या हाताच्या आहेत. १९८९ मध्ये पैसे संपले तेव्हा साधारण तीन चतुर्थांश काम झालं होतं. बुर्री १९९५ मध्ये गेला. उरलेला भाग २०१५ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, पूर्ण झाला.

फळीवरच्या क्रेत्तोत भेगा मातीनं पाडलेल्या. जिबेल्लिनात मात्र सिमेंट आक्रसून भेगा पडलेल्या नाहीत. त्या आखलेल्या आहेत, आणि आखणी शतकानुशतकं गावकऱ्यांच्या पायांनी केली होती. लगद्याच्या जागी गाव आणि वाळण्याच्या जागी इतिहास. बुर्रीनं आपलं तंत्र गावावर लादलं असं म्हणता आलं असतं, जर ते तंत्र गावाच्या नकाशाशी इतकं आधीच मिळतंजुळतं नसतं. दाट वस्तीच्या कुठल्याही जुन्या गावाचा नकाशा वरून पाहा, तो भेगाळलेल्या जमिनीसारखाच दिसतो.

उंचीचाही विचार करायला हवा. १.६० मीटर म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांचे डोळे ठोकळ्याच्या माथ्याच्या आगेमागे येतात. तुम्ही गल्लीत असता, पण गाडले जात नाही. समोर पांढरा माथा पसरलेला, त्यापलीकडे डोंगर आणि आकाश. ठोकळे तीन मीटर उंच असते तर तो चक्रव्यूह झाला असता, गुडघाभर असते तर नुसता नकाशा. लहान मूल चालत असेल तर त्याला मात्र भिंती आणि वर आकाशाची पट्टी एवढंच दिसतं, जुन्या गल्लीत दिसत असेल तसं.

आक्षेप

बुर्रीच्या बाजूनं इतकं बोलल्यावर दुसरी बाजू झटकून टाकता येणार नाही. ज्यांचं घर त्या ठोकळ्यात आहे, त्यांच्यासाठी हे दुसऱ्यांदा गाडलं जाणं होतं. ढिगाऱ्यात अजून आपला उंबरा ओळखता येत होता, चुलीची जागा दाखवता येत होती. सिमेंट पडलं आणि ते कायमचं संपलं. क्रेत्तोत गल्ली कळते, घर कळत नाही. कुणाचा दरवाजा कुठे होता ते सांगणारी एकही खूण वर नाही. एका ठोकळ्यात कितीतरी घरं एकजीव झाली आहेत, श्रीमंताचं आणि गरिबाचं सारखंच.

शेजारच्या पोज्जोरेआलेत जुनं गाव तसंच सोडून दिलं. तिथे आजही अर्धवट भिंती, रिकाम्या खिडक्या, आकाशाकडे उघडे जिने उभे आहेत. कुणाचं घर कुठलं ते सांगता येतं. पण दर पावसाळ्यात थोडं थोडं पडतं, आणि आत जाणं जिवावरचं. म्हणजे निवड अशी होती: घरांच्या खुणा ठेवून गाव हळूहळू मरू द्यायचं, की खुणा पुसून गावाचा आकार टिकवायचा. तिसरा मार्ग, ढिगारा हटवून शेत करणं किंवा झाडी वाढू देणं, जगात सगळीकडे होतो आणि त्याची कुणी नोंदही ठेवत नाही.

मी बुर्रीच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण नवं गावच आहे. घरं नव्या जागी पुन्हा बांधली गेली, बऱ्यावाईट दर्जाची का असेनात. गल्ल्या मात्र कुणीच बांधल्या नाहीत. जिबेल्लिनानं १९६८ मध्ये जे कायमचं गमावलं ते घर नव्हतं. घर आणि घर यांच्यामधलं अंतर गमावलं. तेच एक माप बुर्रीनं जुन्या जागी धरून ठेवलं. सरकारी आराखड्यानं ज्याला उरलेली जागा समजलं, त्यालाच त्यानं मूर्त केलं आणि बाकी सगळं भरून टाकलं.

शिवाय त्या जागी माणसं परत गेली. १९८३ पासून तीन वर्षं एमिलिओ इझग्रोनं सिसिलियन बोलीत आणलेली 'ओरेस्तिया' ही ग्रीक नाट्यत्रयी जुन्या गावाच्या अवशेषांत झाली, गावकरी त्यात सामील झाले, स्थानिक लोहार-सुतारांनी काम केलं. आर्नाल्दो पोमोदोरोसारख्या शिल्पकारानं त्यासाठी रंगमंचाची यंत्रं घडवली. त्यातूनच 'ओरेस्तियादी' हा दरवर्षीचा उत्सव उभा राहिला. खुनानं खून वाढत जातो आणि शेवटी न्यायसभा बसते, ही कथा माफियांच्या छायेत राहिलेल्या खोऱ्यात उघड्यावर, पडलेल्या गावात होते, तेव्हा ती किती जवळची झाली असेल. १९९० मध्ये मिम्मो पालादीनोनं याच उत्सवासाठी मिठाचा डोंगर रचला, त्यात काळे लाकडी घोडे रुतलेले. तोही पांढराच.

आज

कोर्राओ २०११ मध्ये गेला. इटलीच्या सांस्कृतिक मंत्रालयानं समकालीन कलेची राष्ट्रीय राजधानी असा नवा मान सुरू केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, २०२६ सालासाठी, तो पहिल्यांदा जिबेल्लिनाला दिला. चार हजारांच्या आतल्या गावाला हा मान मिळणं ही कोर्राओच्या हट्टाला मिळालेली उशिराची पावती आहे. पैसा आला तर तो नव्या कलाकृतीवर लावण्याआधी जुन्या चौकांच्या फरश्यांवर, गळक्या छपरांवर आणि सावली देणाऱ्या झाडांवर लागावा, असं मला फार वाटतं.

क्रेत्तोचा एक प्रश्नही समोर आहे. १९८० च्या दशकातलं सिमेंट आता करडं पडलं आहे. त्यावर शेवाळ आणि दगडफूल धरलं आहे, सांध्यांत रोपं उगवली आहेत. २०१५ चा भाग त्याच्या शेजारी झगझगीत पांढरा. मधे स्पष्ट रेघ दिसते. जुना भाग घासून पुन्हा पांढरा करावा, असं म्हणणारे आहेत. बुर्रीला पांढरा हवा होता, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. तडकलेले सांधे आणि उघडं पडलेलं लोखंड दुरुस्त करायलाच हवं. पण रंगाला हात लावू नये असं मला वाटतं. २०१५ चा भागही वीस-तीस वर्षांत करडा होईल आणि ती रेघ आपोआप पुसली जाईल. तोवर सांध्यांतली रोपं कुणी उपटायची आणि कुणी ठेवायची, हे जिबेल्लिनाच्या लोकांना विचारून ठरवावं. ज्यांना आपली गल्ली अजून पायानं ओळखता येते, अशी काही माणसं अजून आहेत.